तुमचीही गेली का?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही: गेल्या जानेवारीतल्या बर्फाच्या वादळात आमच्या घरातली लाइट गेली नव्हती, मी ती माझ्या हातांनी घालवली. कारण एक माणूस. लाइट जाण्याची आतुरतेने वाट बघणारा अख्ख्या अमेरिकेत एकच इसम असेल, आणि तो माझ्या नशिबाने शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आमच्या समोरच्या घरांच्या ओळीत राहतो. नात्याने ते माझ्या बायकोच्या मावसबहिणीचे सासरे. एवढं लांबलचक नातं हाक मारायला परवडत नाही, म्हणून काका. मुलगा-सून नोकरीपायी कॅलिफोर्नियात सांता क्लाराला गेले, तेव्हा काकू वारून वर्षही झालं नव्हतं. दोघांनी काकांना बरोबर चला म्हणून खूप विनवलं. काका म्हणाले, "तिथे थंडी नाही, वादळ नाही. माणसाने तयारी करायची तरी कशाची?"

तयारी हा त्यांचा धर्म. सोलापुरात ऐन लोडशेडिंगमध्ये संसार केलेला माणूस. इथे लाइट जात नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. "वर्ष वर्ष जात नाही रे," असं ते दुष्काळाबद्दल बोलावं तसं बोलतात. वादळाचा इशारा आला की त्यांच्या घरात लग्नघराची धांदल सुरू. खोलीखोलीत वाट्यांमध्ये चिकटवलेल्या मेणबत्त्या, संडासात जादा एक. कपाळाला पट्ट्याने बांधलेली बॅटरी, तीही घर लख्ख उजळलेलं असताना, कारण "ऐनवेळी काय शोधत बसायचं?" एकदा ते त्या बॅटरीसकट मराठी मंडळाच्या संक्रांतीला आले. ज्याच्याशी बोलत त्याच्या तोंडावर झोत. आमच्या अध्यक्षांनी तिळगूळ डोळे मिटून घेतला आणि गोड बोलायचं राहूनच गेलं.

आता, लाइट गेली की आधी खिडकीत जाऊन शेजाऱ्यांची गेली का ते बघायचं, ही सवय आपल्या सगळ्यांनाच असते. आपली एकट्याची गेली तर संकट, सगळ्यांची गेली तर कार्यक्रम. काकांना खिडकी पुरत नाही, ते फोन करतात. "तुमचीही गेली का? मग ठीक आहे!" आणि हे 'ठीक आहे' म्हणजे ते निघाले असं समजायचं. दोन वर्षांपूर्वी दोन्ही ओळींची गेली, तेव्हा ते असेच आले आणि घराचा ताबा घेतला. सगळ्यांनी एकाच खोलीत बसायचं, ऊब टिकते. मोबाइल बंद, बॅटरी टिकते. मग त्यांनी आमचा फ्रीजर उघडला. "हे सगळं खराब होणार. आजच संपवा." बायको म्हणाली, "काका, बाहेर अख्खं गाव फ्रीजर झालंय. डबे डेकवर ठेवते ना." "आणि रात्री ते चोरटे रॅकून आले डबे उघडायला म्हणजे? रॅकूनला पुरणपोळी घालणार? खा!" त्यांनी स्वतः गॅस काडीने पेटवला. सकाळी पुरणपोळ्या, दुपारी मोदक, संध्याकाळी मुलीच्या वाढदिवसातून उरलेले समोसे, मध्ये तोंडी लावायला अंताक्षरी. मुलगी कावून माझ्या कानात म्हणाली, "बाबा, व्हेन इज ही लीव्हिंग?" काकांचे कान तिखट. "व्हेन लाइट कम्स!" लाइट शुक्रवारी दुपारी आली. काका रविवारी गेले.

म्हणून गेल्या जानेवारीत, बायको आणि मुलगी लग्नासाठी पुण्याला गेलेल्या, मी घरात एकटा, ऑफिसचं काम संपवून शांतपणे चहा घेतोय, बाहेर आडवा बर्फ कोसळतोय, आणि समोरची अख्खी ओळ काळोखात गेली, तेव्हा मी आधी फोनकडे बघितलं. आमच्या ओळीला काही झालं नव्हतं. फोन वाजला.

"काय रे, तुमचीही गेली का?"

"हो काका," मी म्हणालो. "आमचीही गेली."

तोंडातून निघून गेलं. म्हटलं, आमच्याकडेही अंधार आहे म्हटल्यावर या बर्फात कशाला येतील? गेल्या वेळी ते अंधारातच आले होते, हे त्या घाईत आठवलंच नाही. पण बोलत होतो तो स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली उभा राहून, आणि त्यांच्या खिडकीतून आमचं घर आरशासारखं दिसतं. धावत बेसमेंटमध्ये गेलो आणि मेन स्विच पाडला. दिव्यांबरोबर घर तापवणारा फर्नेसही बंद पडला. पहिली काही मिनिटं आपण फार हुशार असल्यासारखं वाटलं. मग घर निवायला लागलं, आणि मनात आलं, त्यांचाही फर्नेस बंदच असणार. म्हातारा माणूस एकटा गारठत बसलाय, आणि इथे ऊब असून मी ती विझवून बसलोय. फोन करावा, खाली जाऊन स्विच चढवावा, असं म्हणत म्हणत मी नुसताच सोफ्यावर बसून राहिलो.

तेवढ्यात दारावर धपाधपा थापा. उघडलं तर नखशिखांत बर्फाने माखलेले काका. कपाळावर बॅटरी, मागे नातवाची जुनी घसरगाडी, तिच्यावर दोरीने बांधलेल्या दोन गोधड्या आणि थर्मास.

"काका, अहो या बर्फात कशाला आलात?"

"तुमच्या ओळीत तुझीच तेवढी गेलीय, आणि त्यात तू एकटा आहेस. बायको नाही घरात. चहा तरी कोण देणार तुला?" ते आत आले, हातमोजे काढले, भिंतीला हात लावून बघितला. "वा! तुझं घर अजून गरम आहे रे. चांगलं बांधलंय."

मी दार लावलं. त्यांच्या थर्मासमधला चहा प्यायलो. गोधडी पांघरून काकूंच्या आठवणी ऐकल्या. लाइट गेली की काकू अंगणात खाट टाकायच्या आणि अख्खी आळी गप्पांना जमायची. "इथे लाइट असते तेव्हा कोण कुणाकडे येतं रे?" ते म्हणाले, आणि त्यांच्या त्या सगळ्या वाट्या, मेणबत्त्या नि फोन मला पहिल्यांदा कळले.

एकाएकी ते "आली! आली!" म्हणून टाळ्या वाजवत उठले. समोरची ओळ उजळली होती. मग ते माझ्या छताकडे बघत थांबले. "तुझी नाही आली."

"येईल काका. तुम्ही जा घरी."

"तुला अंधारात टाकून? ऊठ, जाकीट घाल. चल माझ्याकडे."

खाली जाऊन स्विच चढवायला अर्धं मिनिट पुरलं असतं. ते माझं जाकीट हातात धरून उभे होते. मी बाह्या चढवल्या आणि गेलो. त्यांनी मला गरम वरणभात वाढला, वर लिंबू पिळलं, हीटरजवळची खाट मला दिली आणि स्वतः सोफ्यावर झोपले. सकाळी घरी येऊन मी स्विच चढवला आणि फोन केला, "काका, आली." "आली का? बरं झालं बाबा. मला रात्रभर तुझीच काळजी."

आता मंडळात ते सगळ्यांना सांगतात, आमची दोघांची गेली होती, पण निभावून नेलं आम्ही. मी शेजारी उभा राहून मान हलवतो. येत्या उन्हाळ्यात मुलगा त्यांना सांता क्लाराला नेणार आहे. त्यांच्या गुडघ्यांना आता बर्फ झेपत नाही. त्या संध्याकाळी मी एवढंच म्हणायला हवं होतं, "माझी आहे काका, तुम्ही इकडे या." ते बोलावणं मी त्यांना अजून देणं लागतो.