विचारून सांगतो

बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत जे गृहस्थ बसत, त्यांना सगळे विचारूनराव म्हणत. कारण उघड होतं. कुणी काहीही विचारलं की ते म्हणत, "विचारून सांगतो", आणि खरोखरच उठून विचारायला जात. गाडी कधी सुटणार हे ते चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरला विचारत. ड्रायव्हर आधी कपात बघे आणि मग सांगे. ही पद्धत सहसा चुकत नसे, कारण कप रिकामा झाल्याशिवाय गाडी हलतच नसे.

मध्यंतरी साहेबांनी खिडकीशेजारी एक बोलका पडदा बसवला. काहीही विचारा, तो गोड आवाजात उत्तर देई. माहीत नसलं तरी देई, आणि नेमका हाच गुण विचारूनरावांना काही केल्या पचेना. ते स्वतः आयुष्यभर माहीत नसण्याच्याच नोकरीत होते आणि त्यांना त्याची कधी लाज वाटली नव्हती.

घरीही तोच खाक्या. मुलगी अर्ज, शुभेच्छा, भांडणातली उत्तरंसुद्धा फोनमधल्या यंत्राकडून लिहून घेई. विचारूनराव अर्ज लिहायचा तर शेजारच्या निवृत्त मास्तरांकडे जाऊन बसत. अर्ज होई आणि मास्तरांची संध्याकाळही जाई. मिक्सर बिघडला तर वर्तमानपत्र पसरून उघडत आणि तो पूर्ण बिघडला की दुकानात नेत. बायकोच्या वाढदिवसाला चार ओळी मात्र स्वतःच्या मनाने लिहीत. दरवर्षी त्या त्याच असत. बायकोची तक्रार नव्हती. तिच्या त्या पाठ झाल्या होत्या.

असं सगळं सुरळीत चाललं असताना आईने जेवण सोडलं.

आईचं वय झालं होतं. हल्ली ती माणसांची सरमिसळ करी, पण जेवणात कधी खळखळ नव्हती. त्या दिवशी तिने ताट सरकवलं आणि विचारूनरावांना म्हणाली, "टिंबू कुठाय? ते आधी सांग, मग जेवते."

टिंबू कोण, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. घोटभर पाण्यापलीकडे काही पोटात जाईना. डॉक्टर येऊन बघून गेले आणि म्हणाले, "उद्यापर्यंत खाल्लं नाही तर दवाखान्यात हलवावं लागेल. या वयात तिथून परत येतीलच असं मी सांगू शकत नाही."

मुलीने यंत्राला विचारलं. यंत्राने क्षणाचाही विचार न करता सांगितलं की टिंबू हे पाळीव मांजराचं लोकप्रिय नाव आहे, आणि आजीला मांजराचा फोटो दाखवल्यास बरं वाटेल. एक गुबगुबीत मांजर काढूनही दिलं. आईने ते नीट पाहिलं.

"हे मांजर आहे," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मग विचारूनराव आपल्या मार्गाने निघाले. मास्तरांना विचारलं, जुन्या घराशेजारच्या शिंप्याला विचारलं, शेवटी मावशीला फोन लावला.

"मला कसं ठाऊक असणार?" मावशी म्हणाली. "मी तेव्हा माझ्या संसारात. तुझ्या आधी आठ वर्षं त्या घरात तुझा दादा होता. त्याला विचार."

जगात एवढा एकच माणूस होता, ज्याला विचारूनराव काही विचारत नसत. दादाने कधीकाळी त्यांची शिडी नेली होती. दादाचं म्हणणं, परत केली. यांचं म्हणणं, केली नाही. तेव्हापासून दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. आईला भेटायला दादा येई, तोही हे कामावर असताना.

त्यांनी दादाचा नंबर काढला आणि फोन पुन्हा खाली ठेवला. मुलगी म्हणाली, "बाबा, मी काकांसाठी छानसा मेसेज लिहून घेऊ? दोन सेकंदांत होईल."

"नको," ते म्हणाले. "मीच विचारतो." त्यांनी नंबर लावला.

दादाने फोन उचलला आणि म्हणाला, "शिडी माझ्याकडे नाहीये."

"शिडीचं नाही. टिंबू कोण?"

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला.

"आई विचारतेय?" दादाचा आवाज बदलला होता. "येतो मी."

दादा तासाभरात आला. खूप थकलेला दिसला. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच पाणी प्यायला आणि म्हणाला, "टिंबू म्हणजे तू. टिंबाएवढा होतास, म्हणून मीच म्हणायला लागलो. आई तुला माझ्यावर सोपवून कामाला जायची. दारातून आत आली की पहिलं विचारायची, टिंबू कुठाय. मी सांगितल्याशिवाय चप्पलसुद्धा काढायची नाही."

"पण ती मला विचारतेय."

"ती तुला मी समजतेय."

दिवसभर विचारूनराव गावात स्वतःचाच पत्ता विचारत हिंडले होते, आणि आई त्यांच्या तोंडाकडे बघून त्यांचीच काळजी करत होती.

दोघे आईच्या खोलीत गेले. दादा खाटेवर बसला, हे दाराशीच थांबले. आईने दादाकडे पाहिलं.

"टिंबू कुठाय?"

"आहे," दादा म्हणाला. "माझ्याजवळच आहे."

आईने सुस्कारा सोडला. बायको ताट घेऊन पुढे झाली. आईने घास हातात घेतला, पण तो तोंडाशी नेता नेता पुन्हा थांबली.

"जेवला का तो?"

"विचारून सांगतो," दादा म्हणाला. तो मागे वळला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धाकट्या भावाकडे सरळ बघत त्याने विचारलं, "जेवलास का रे?"

"नाही," टिंबू म्हणाला.