गौरीचा गेटपास

आमच्या कंपनीत मावशींना पार्किंग कुठे आहे असं विचारलं, तर त्यांना सांगता यायचं नाही. भुईमूग कुठे होता असं विचारलं की लगेच सांगायच्या. पार्किंग म्हणजे भुईमूग, कॅन्टीन म्हणजे बाजरी, पेंट शॉप म्हणजे हरभरा. एकदा त्या माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "ताई, थोरलं साहेब भुईमुगात उभं हायेत, तुमाला बोलावत्यात." नवीन आलेली ट्रेनी मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

महाळुंग्याची ही जमीन एकेकाळी मावशींच्या सासऱ्यांची. ती कंपनीकडे गेली, आणि काही वर्षांनी मावशी ठेकेदाराच्या माणसांत बागकामाला त्याच जमिनीवर आल्या. याचं त्यांना वाईट वाटायचं का, हे मी कधी विचारलं नाही. मी ॲडमिनला. माझं काम हजेरी बघणं, बाग नीट दिसते की नाही ते बघणं. मावशींना मात्र आमच्या बागेची मोठी गंमत वाटायची. लॉनवर पाइप धरून त्या म्हणायच्या, "सासऱ्यानं जल्मभर हरळी खणून काढली. आन् आता तिलाच पानी पाजायला मला पगार."

लॉनमधलं तण उपटताना त्या दोन ढीग करायच्या. एक कचऱ्यात जायचा, दुसरा पदरात. पदरातल्या ढिगात घोळ, पाथरी, तांदुळजा, पावसाळ्यात कुर्डूची कोवळी पानं. मी कासारवाडीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, मला मेथी आणि पालक यांच्यापलीकडे पालेभाजी माहीत नव्हती. त्यांनी मला एकेक पान चाखायला लावून ओळख करून दिली. लसूण घालून परतलेली कुर्डूची भाजी माझ्या डब्यात त्यांच्यामुळे आली. माझ्या सासूबाईंनी ती चाटूनपुसून खाल्ली आणि मग विचारलं, कुठून आणलीस म्हणून. कंपनीच्या लॉनमधून, असं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मागच्या कंपाउंडच्या भिंतीला मावशी बांध म्हणायच्या. तिथे खरंच जुना बांध होता, त्याचा हातभर उंचवटा भिंतीच्या आतल्या बाजूला शिल्लक राहिला होता. श्रावणात त्यावर तेरडा यायचा. गुलाबी, जांभळा, कमरेएवढा. त्यांच्या घरी गौर तेरड्याची, मुखवट्यांची नव्हे. मुळासकट उपटलेली पाच रोपं, मुळं म्हणजे गौरीची पावलं. आणि ती याच बांधावरून न्यायची, त्यांच्या सासूच्या सासूपासून. सगळं शेत गेलं तरी तेवढा बांध त्यांनी सोडला नव्हता.

मी नोकरीला लागले त्या वर्षी गेटवरून फोन आला. एक बाई काहीतरी फडक्यात गुंडाळून नेते आहे आणि बोलत नाही. मी धावत गेले. मावशी उभ्या, कडेवर तान्हं बाळ धरावं तशी फडक्यातली रोपं, आणि गाल फुगलेले. गौर घेऊन निघालं की घरी पोचेपर्यंत तोंडात पाणी धरायचं, बोलायचं नाही, मागे बघायचं नाही, असा त्यांचा रिवाज. परभणीकडचा गार्ड बिचारा "मावशी, तोंडात काय लपवलंय?" म्हणून घाबरला होता. रस्त्यावर कंटेनरची रांग, इकडे मावशींचे डोळे वटारलेले. मी तिथेच गुलाबी गेटपास फाडला. मालाचं वर्णन : तेरडा, मुळासकट. नग पाच. परत येणार का, या रकान्यात मी 'नाही' लिहिलं.

चौथ्या दिवशी मावशी आल्या आणि मूठ उघडून दाखवली. मूठभर वाळू. "गौर इंद्रायणीत बोळवली की तिथली वाळू बांधावर आणून टाकायची असती. म्हंजे ती परत आलीच की. तुमी न्हाई का लिवलं?" पुढच्या वर्षीपासून मी त्या रकान्यात 'होय' लिहू लागले. असे पाच पास झाले. सही माझीच, शेवटी लांब शेपूट असलेली.

सहाव्या वर्षी ऑडिट लागलं. भिंतीलगतचं रान साफ करा, साप निघतात, असा शेरा आला. साहेबांनी कागद माझ्याकडे ढकलला. गौरी बारा दिवसांवर होत्या. मी विसरले असते तर आज मला बरं वाटलं असतं. पण मी विसरले नव्हते. तणनाशक मारायच्या परमिटवर सही करताना मला तेरडा डोळ्यांसमोर दिसला. तेवढे दहा फूट सोडा, हातानं काढू, असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण मग कारण लिहावं लागलं असतं, साहेबांना समजवावं लागलं असतं, ते हसले असते. उगवेल परत, असं म्हणून मी सही केली. मावशी लेकीकडे गेल्या होत्या, त्या दिवशी माणसांनी तणनाशक मारलं.

मावशी परत आल्या तेव्हा बांध पिवळा पडला होता. मला बोलावून नेलं. तेरडा माना टाकून उभा होता. काम चालू असताना परमिट भिंतीवर लटकवतात, तिथे आता नुसती सुतळी लोंबत होती.

"ताई, ह्ये कुनी करायला सांगितलं?"

"वरून आलं मावशी. मला विचारलंच नाही कुणी."

मावशींनी वाकून तेरड्याचं एक फूल चाचपलं. "बरं," म्हणाल्या. "फुलात हुता. बी धरलं न्हाई अजून." आणि लॉनकडे निघून गेल्या. त्या वर्षी त्या गेटपास मागायला आल्या नाहीत. दिवाळीनंतर ठेकेदार बदलला, नव्या ठेकेदारानं वय जास्त म्हणून त्यांना घेतलं नाही. जायच्या दिवशीही त्यांनी माझ्या टेबलावर तांदुळजाची जुडी ठेवली.

पुढच्या भाद्रपदात बांधावर नुसतं गवत आलं. मी पिंपरीच्या मंडईतून तेरड्याची जुडी घेतली आणि त्यांच्या घरी गेले. त्यांनी ती हातात घेऊन उलटी केली. देठ कापलेले होते. "पावलं न्हाईत हिला," म्हणाल्या, पण कुंकू लावून देवापाशी ठेवली. देवाच्या फळीवर, तसबिरीमागे, कागदांची घडी होती. त्यांनीच ती काढून माझ्यासमोर धरली. पाच गुलाबी गेटपास, हळदीकुंकवाचे डाग पडलेले. "गौरीचं कागद, टाकायचं कसं?"

खाली सहावा कागद होता, पांढरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तणनाशकाचं परमिट.

"मला वाचता येत न्हाई," मावशी म्हणाल्या. त्यांचं बोट आधी गुलाबी कागदावरच्या सहीवर टेकलं, मग पांढऱ्यावरच्या. "पर ही शेपूट मी वळखते."

मी म्हटलं, "तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं? मग मला विचारलंत कशाला?"

मावशींनी कागदांची पुन्हा होती तशी घडी घातली आणि तसबिरीमागे सरकवली.

"म्हनलं, सांगाल तुमी."