तिरल्याचा पंखा

हवेच्या भरवशावर जगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. कवी पाहिले, ज्योतिषी पाहिले, संस्थान विलीन झाल्यावरही मुजऱ्याची वाट बघत ओट्यावर बसणारे जुने मानकरी पाहिले. पण नुसत्या हवेच्या जोरावर मोटार घाटावर चढवायला निघालेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा होता. आम्ही सगळे त्यांना आतोबा म्हणत असू. धारची अर्धी पेठही त्यांना आतोबाच म्हणे. उरलेली अर्धी पेठ काय म्हणे ते, मी मुलींच्या शाळेतली मास्तरीण असल्यामुळे, इथे लिहीत नाही.

आतोबा मूळचे देवासचे. तिथे एकाच गावात दोन राज्यं नांदत होती, रस्त्याच्या या कडेला थोरल्या पातीचं आणि त्या कडेला धाकट्या पातीचं. आतोबा धाकट्या पातीच्या मोटारखान्यात कोठीवर होते. म्हणजे नट, बोल्ट, वंगण, टायर सगळं त्यांच्या ताब्यात, पण मोटारीत बसायचा प्रसंग कधी आला नाही. पुढे दोन्ही राज्यं गेली, नोकरी गेली, आणि आतोबा धारला येऊन बांधकाम खात्याच्या कोठीवर चिकटले. देवासहून त्यांनी सोबत आणले ते नट आवळायचे दोन पाने. मोठ्याचं नाव थोरली पाती, लहानाचं धाकटी पाती. एखादा नट हट्टाला पेटला की ते आत्याला हाक मारून सांगत, "धाकटीच्या बसची बात नाही. जरा थोरलीला पाठव." बिचारी आत्या पोळी तव्यावर टाकून पाना नेऊन द्यायची.

एकदा त्यांच्या हाती एक विलायती मासिक लागलं. त्यात घरच्या घरी हलकी मोटार कशी जुळवावी याचे नकाशे होते. झालं! इंदूरच्या भंगारातून एका चिमुकल्या मोटारीचं इंजिन आलं, चार चाकं आली, आणि परसात मोटार उभी राहू लागली. अंग चहाच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्यांचं, त्यामुळे डाव्या अंगाला अखेरपर्यंत "ऊन-पाण्यापासून जपा" असं इंग्रजीत लिहिलेलं दिसे. गाद्यांऐवजी दोन वेताच्या खुर्च्या, खाली हातानेच सुटणाऱ्या, कानाच्या चार-चार नटांनी आवळलेल्या. दारं नाहीतच. मी विचारलं तर म्हणाले, "दार माणसाच्या भीतीसाठी असतं. भीती काढली की वजन कमी."

वजन हा आतोबांचा जन्माचा वैरी. वाण्याकडून एक ताणकाटा आणून तो त्यांनी परसातल्या पेरूला टांगला होता, आणि मोटारीचा एकही भाग त्याला लटकल्याशिवाय गाडीत जात नसे. एके दिवशी आत्याच्या हातातला झारा बघून त्यांना साक्षात्कार झाला. झाऱ्याला भोकं असून तो झाराच राहतो, मग लोखंडाला का नकोत? त्या आठवड्यात त्यांनी गाडीच्या पत्र्यांना, पायाखालच्या पट्ट्यांना, सगळ्यांना भोकं पाडली, आणि हात बसावा म्हणून आत्याच्या साणशीलाही पाडली. त्या साणशीने पातेलं उचलायला आत्या पुढे कधी धजली नाही. गाडीत बसणाऱ्याने खिसे रिकामे करावे असा नियम होता. आमच्या हेडबाईंना एकदा त्यांनी मोठ्या आदराने विचारलं, "बाई, आज जेवण झालंय का?" आणि हो म्हटल्यावर तितक्याच आदराने खाली उतरवलं.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मांडवासाठी, म्हणजे मांडवगडासाठी. आत्याला दमा होता. धारमध्ये जन्मली, धारमध्येच वाढली, पण दहा-बारा कोसांवरचा मांडव तिने पाहिला नव्हता. शाळेची सहल निघाली तेव्हा ती तापाने आडवी, मग संसार, मग हा दमा. बसच्या धुळीत बसवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. एकदा खोकल्याची उबळ ओसरल्यावर ती नुसती म्हणाली होती, "दुनिया येऊन बघून जाते. तिथून नर्मदामाई दिसते म्हणे. मला मेलीला काही ती दिसत नाही." त्यानंतर महिन्याभरात ते विलायती मासिक घरात आलं. आणि त्या वर्षी पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की यंदाची थंडी जड जाईल. हे आतोबांनी मला सांगितलं, आत्याला सांगितलं नाही.

अडचण अशी होती की गाडी मांडवाला जात होती आणि आत्या जात नव्हती. एकटे आतोबा बसले की गाडी वाटेतल्या नालछा गावापुढचा घाट कुरकुरत का होईना, पण चढे. शेजारच्या खुर्चीवर आत्या बसली की दुसऱ्या वळणावर धापा टाकून उभी राही, आणि मग उलटी घरंगळत खाली. आत्याचं वजन ते काय! पण दोन-तीनदा असंच झालं. दर वेळी आत्या पदराने तोंड झाकून बसायची, आणि लोक बघत म्हणून लाजायची. शेवटच्या फेरीनंतर ती म्हणाली, "राहू द्या आता. मला नाही जायचं." त्या रात्री आतोबा जेवले नाहीत. सकाळी शाळेच्या दारात येऊन त्यांनी मला जाहीर केलं, "पेट्रोल कमी नाही पडत ग. हवा कमी पडते. इंजिनाचा दम घुटतोय. मापानं हवा खातं म्हणून मापानं ओढतं. त्याच्या तोंडात हवा कोंबली पाहिजे!"

कोंबायला त्यांनी जवळच्या तिरला गावातल्या लोहाराचा भट्टीचा पंखा आणला, हाताने चाक फिरवलं की निखाऱ्यावर वारा सोडणारा. लोहार बिचारा त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत आला होता. "भिया, यो तो भट्टी को पंखो है. मोटर में कोयला भरोगा कई?" आतोबांनी त्याला इंजिनाच्या श्वसनावर अर्धा तास व्याख्यान दिलं, आणि त्याने सुटका करून घेण्यासाठी पंखा देऊन टाकला. मग पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा आला, तो इंजिनावर आणि पंख्यावर चढला. पंखा फक्त घाटात लागायचा म्हणून पट्टा ताणायला एक दांडा बसवला. पंख्याच्या तोंडाला, हवा भरपूर गोळा व्हावी म्हणून, मोडक्या ग्रामोफोनचा पितळी कर्णा. हा कर्णा गाडीच्या नाकासमोर असा उघडला होता की पेठेतली पोरं त्यात तोंड घालून ओरडत.

पहिल्याच दिवशी हवा अशी जोरात गेली की पेट्रोलच आत येईना. आतोबांनी टाकीलाही त्याच हवेची एक नळी जोडली, टाकीच्या झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं रबर घातलं, आणि मग मात्र इंजिनाने जो आवाज काढला तो ऐकून शेजारच्या घरची म्हैस दावं तोडून पळाली. आतोबा आनंदाने नाचत होते. "बघ, पोटभर जेवलं की कसं बोलतं!" आत्या ओसरीवरून म्हणाली, "म्हशीला कोण आणणार?" पण मी पाहिलं, ती हसत होती. दसऱ्याला निघायचं ठरलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. मराठ्यांच्या घरी तलवारी पुजतात, आमच्याकडे दौत, बोरू आणि त्या वर्षी मोटार. आत्याने चाकांना हळदकुंकू लावलं, थोरल्या आणि धाकट्या पातीला गंध लावलं. गाडीला तोंड असं एकच होतं, तो कर्णा. तेव्हा झेंडूचा घसघशीत हार कर्ण्यालाच घालायचा हे कुणाला विचारावंसुद्धा लागलं नाही. उंच होतं म्हणून तो आतोबांनी स्वतः बांधला, आणि मग मागे सरून मनोभावे हात जोडले. हवेचा कण अन् कण मोजणारा हा माणूस! खंडेनवमीचा हार दसरा होईपर्यंत उतरवत नाहीत, म्हणून सकाळी आम्ही तो तसाच घालून निघालो.

घाटाच्या पायथ्याशी मला मागच्या फळीवरून उतरवलं. माझं काम असं की हातात धोंडा घेऊन बाजूने चालायचं, आणि गाडी थांबली तर तो चाकामागे टाकायचा. गाडीचा वेग इतका बेताचा होता की मला घाई करावी लागली नाही. आतोबांनी "हर हर महादेव" म्हणून दांडा ओढला. कर्ण्यातून घूं असा आवाज निघाला, गाडीने उसळी घेतली, पहिलं वळण बघता बघता मागे पडलं. आत्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. आणि दुसऱ्या वळणावर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तो अख्खा हार सरसर करत कर्ण्यात शिरला. गाडी खोकली, नळकांड्यातून पिवळा धूर आला, आणि ती उभी राहिली. मी धोंडा टाकला.

"काय झालं?" आतोबा ओरडले.

"काही नाही," आत्या म्हणाली, "तुमच्या गाडीनं निर्माल्य खाल्लं."

आतोबा खाली बसून पंखा सोडवू लागले. झेंडूच्या पाकळ्या कुठे कुठे गेल्या होत्या! आत्याच्या अंबाड्यातला आकडा घेऊन ते एकेक पाकळी कोरत होते, आणि आत्या पदर पसरून म्हणत होती, "वाहिलेली फुलं आहेत, रस्त्यावर टाकू नका." तेवढ्यात तिला उबळ आली. ती वाकली, तिला श्वास मिळेना. मी पाठ चोळत राहिले. खालून एक गाडीवान येत होता, तो थांबला. "कई हुओ, भिया? बैल जोत दूँ?"

आतोबांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि फार हळू विचारलं, "लावू का ग बैल?"

आत्याने डोळे पुसले. "बैलांनीच जायचं असतं तर मी केव्हाच गेले असते. लावा तुमचा पंखा. मी बसलेय."

पंखा लागला. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि जळक्या झेंडूचा वास सोडत चालू लागली. दुसरं वळण गेलं, तिसरं गेलं. मी धोंडा फेकून दिला आणि शाळेतल्या मुलीसारखी ओरडत धावत सुटले. गाडीवान मागून बैलांना सांगत होता की बघा, फुलं खाऊन चढतेय.

पण मांडवाच्या टोकाला, जिथून नर्मदा दिसते त्या रूपमतीच्या छत्रीशी, आतोबांच्या हिशेबातून एक गोष्ट सुटलेली निघाली. गाडी थांबते तिथून वर चढण आहे, पायऱ्या आहेत. ते बघून आत्या म्हणाली, "इथवर आले, पुष्कळ झालं." आतोबा गाडीखाली वाकले, कानाचे चार नट सोडवले, आणि आत्यासकट खुर्ची मोकळी केली. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. आत्या वरून "अहो लोक बघतायत" म्हणत होती, आणि आतोबा धापा टाकत मला सांगत होते, "बघितलंस? लाकडाची असती तर उचलली असती का?"

वर गेल्यावर आत्याला दरीकडे तोंड करून ठेवलं. खूप लांब, उन्हात, एक पांढरी रेघ होती. ती बराच वेळ बघत राहिली. "एवढीशीच?" म्हणाली. मग म्हणाली, "पण आहे हो." आणि पदरातल्या तेलकट, करपलेल्या पाकळ्या तिने ओंजळीने त्या रेघेच्या दिशेने सोडल्या. आतोबा शेजारी उभे होते, आणि मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा काहीही मोजत नसलेलं पाहिलं.

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. ती थंडी आत्याने काढली नाही. घर फार रिकामं झालं. मला अजून कुणाची उबळ ऐकली की दाराकडे बघावंसं वाटतं.

पुढच्या खंडेनवमीला मी हार घेऊन गेले. गाडी परसात होती, पण तिच्या तोंडावर कर्णा नव्हता. पट्टा गुंडाळून खुंटीला टांगला होता. पंखा तिरल्याला परत गेला होता. वजनाचा एवढा वैरी हा माणूस, पण शेजारची वेताची खुर्ची तशीच होती, चारी नट आवळलेले.

"आतोबा, एवढा जमलेला पंखा, काढलात कशाला?"

ते धाकट्या पातीने कुठलासा नट उगाच घट्ट करत होते.

"आता काय करायचाय तो," ते म्हणाले. "एकट्याला चढते ती."