पिळलेला कोपरा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

शीतल माझी धाकटी बहीण. आम्ही यवतमाळला लागून लोहाऱ्यात राहतो. सहा रंगांचा तो क्यूब घरात मीच पहिल्यांदा आणला. विहारासमोरच्या ओट्यावर बसून झरझर सोडवायचो, भोवती घोळका जमायचा. कॉलेजात माझी ओळखच ती — क्यूबवाला. शीतलला सोडवायला मीच शिकवलं. पण तिची गोडी वेगळीच. तिला तो उघडायचा असायचा. स्क्रू काढायची, स्प्रिंगा काढायची, तुकडे कानशीने घासायची, नळ गळला की लावतात ती पुट्टी थापून त्यांना नवा आकार द्यायची. दोन तुकडे मुद्दाम चिकटवायची, म्हणजे काही बाजू मध्येच अडाव्यात. आणि मग त्या नव्या कोड्याचे नियम तीच ठरवायची — काय फिरेल, कधी अडेल, काय जुळलं म्हणजे ‘सुटलं’ म्हणायचं.

असंच तिने बोंड बनवलं. रंग एकच, हिरवा. फिरवलं की कापसाचं बोंड फुटावं तसे तुकडे चहूकडे उभे राहायचे. पुन्हा जुळलं की गुळगुळीत, मिटलेलं. फार देखणं होतं. आणि मला — मला ते सोडवता येत नव्हतं. घरी कोणी नसताना मी कितीदा तरी करून पाहिलं होतं.

शहरातल्या एका कॉलेजात प्रदर्शन भरलं. पुण्याहून कोडी बनवणारे एक गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते. बोंड पसंत पडलं तर ते शीतलला आपल्याकडे कामाला बोलावणार, असं तिच्या सरांना त्यांनी आधीच सांगितलेलं. शीतलचा दावा साधा होता : कोणीही, कितीही फिरवा, नियमात राहून हे परत मिटतं. पाहुण्यांनी स्वतः ते मनसोक्त विस्कटलं. मी शीतलसोबत आलो होतो, शेजारीच उभा होतो; माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “तुम्ही शीतलचे भाऊ का?”

एवढंच विचारलं. यात लागण्यासारखं काय होतं? — पण लागलं. फार लागलं.

शीतलचे हात घामेजले होते. “दादा, धरजो जरा. हात धुऊन येते.”

क्यूब खेळणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं — एखादा कोपरा जागच्या जागी पिळला, की नुसतं फिरवून कोडं कधीच सुटत नाही. विस्कटलेलं असताना ते कळतही नाही. चुकून असं होऊ नये म्हणून शीतलने स्क्रू घट्ट आवळून ठेवले होते. अंगठा दुखेपर्यंत जोर द्यावा लागला. कट् असा आवाज झाला. तो जोर मी दिला. कोपरा मी पिळला.

परत येऊन तिने बोंड घेतलं आणि सगळ्यांसमोर मिटवून दाखवायला मंचावर चढली. हात सुरेख चालत होते. एकेक तुकडा खाली बसत गेला — आणि शेवटी एक कोपरा वर राहिला. तिने सगळं मोडून पुन्हा जुळवलं. पुन्हा तोच. तिच्या कानामागून घाम ओघळताना मला दिसत होता. मागे कोणीतरी हसलं.

पाहुणे समजूतदार होते. म्हणाले, “कोपरा पिळला गेला असेल का? कोणाच्या हातात होतं हे?”

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता — निदान तो तरी असायचा!

“माझ्याच हातात होतं,” मी म्हणालो. “हललंसुद्धा नाही.”

“मग हाताने पिळून बघ,” ते तिला म्हणाले.

तिने मान हलवली. “पिळलं तर मिटन सर. पण मंग मी सांगितलेला नियम खोटाच झाला नं.” बोंड टेबलावर ठेवून ती खाली उतरली. पुण्याहून बोलावणं आलं नाही.

घरी तिने ते उघडून परत बसवलं. पहिल्याच खेपेला मिटलं. मी अंगणात गाडी पुसत होतो, तिथे आली. “दादा, खरं सांग. तुह्या हातून पडलं होतं का? पडलं असन तर असू दे, मी रागावत नाही.”

पडलं होतं — एवढं म्हटलं असतं तरी ती सुटली असती. खोटंच, पण तिच्या बाजूचं. तेही माझ्याच्याने झालं नाही.

“नाही वं. तुहे स्क्रूच ढिले असतीन.”

तिने विश्वास ठेवला. मग आवळत सुटली — आवळता आवळता आटे गेले, बोंड निकामी झालं. त्यानंतर तिने काही बनवलं नाही. आता एका शिकवणीत गणित शिकवते.

परवा मारेगावची एक कॉलेजातली मुलगी घरी आली. कोणाच्या तरी मोबाइलवर तिने बोंडाचा फोटो पाहिला होता. “ताई, मले शिकवा नं हे.”

शीतल हसली. “माह्या हातचं भरवशाचं नसते वं. ऐन वेळेवर दगा देते.”

मुलगी थोडी घुटमळली, मग चपला घालून निघून गेली. मी त्याच खोलीत बसलो होतो. चहा पीत होतो. चहा संपला, तेव्हा शीतलने माझा कप उचलला आणि आपल्या कपासोबत विसळून ठेवला.