तळ्याचं अंगण

आमच्या अण्णांना मराठी आणि कानडी दोन्ही भाषा उत्तम येत, आणि त्या दोघींनी मिळून त्यांना फसवलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. बेंगळूरच्या चामराजपेटेत त्यांचं शिवणाच्या सामानाचं दुकान होतं. दोऱ्याची रिळं, बटणं, अस्तराचं कापड, लेस. दुकानाच्या वर दोन खोल्या, आणि त्यांत आम्ही तिघं, अण्णा, आई आणि मी. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मी पंचविशीची, एका कचेरीत टायपिस्ट, आणि घरात सगळ्यांत तिखट तोंड माझं. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेबरोबर इकडे आले म्हणतात. कुणाच्या, ते सांगणाऱ्याप्रमाणे बदलतं. तेव्हापासून घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी. आपलं कानडी कानडी माणसाहून शुद्ध आहे असा अण्णांचा दावा होता, आणि तो खोडून काढायची हिंमत गल्लीत कुणाला नव्हती.

आईचं मागणं एकच होतं. लग्न होऊन आल्यापासून ती माडीवर राहत होती. पाणी खालून वर, केर वरून खाली, आणि मिरच्या वाळवायच्या तर दुसऱ्याच्या गच्चीत. तिला जमिनीलगतचं घर हवं होतं. स्वयंपाकघराचं दार उघडलं की पाय मातीवर पडला पाहिजे, एवढंच. मोठं नको, नक्षी नको.

त्या सुमारास बनशंकरीच्या पलीकडे लेआउटमागून लेआउट पडत होते. मोकळ्या रानात दगड पुरायचे, त्यांवर पांढऱ्या रंगात आकडे घालायचे, की झाली साइट. अण्णा एका दलालाबरोबर जाऊन एक पाहून आले. तिथे म्हशी चारणारा एक जण होता. त्याला अण्णांनी विचारलं, ह्या जागेचं नाव काय? तो म्हणाला, केरे अंगळ. केरे म्हणजे तळं. अंगळ म्हणजे अंगण, आपल्या मराठीच्या इतकं जवळचं की वेगळं शिकावंही लागत नाही. अण्णा घरी आले ते हरखूनच. तळ्याचं अंगण. पूर्वी जवळपास तळं असेल, त्याच्या समोरची ही मोकळी जागा. आणखी कुणाला काही विचारायची गरज त्यांना वाटली नाही, आणि महिन्याभरात जागा आमच्या नावावर झाली.

उन्हाळ्यात आम्ही तिघं बसने ती बघायला गेलो. बेंगळूरची माती लाल, एकदा पांढऱ्या धोतराला लागली की धोबीही हात टेकतो. बसच्या खिडकीतून सगळीकडे तीच लाल माती दिसत होती, आणि आमच्या जागेपाशी मात्र ती एकाएकी राखेच्या रंगाची झाली. जमीन ताटासारखी सपाट. एक खडा नाही, एक गोटा नाही. आईने चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली. अंगठ्याला जरासुद्धा खरखर लागली नाही.

"मैदा आहे हो," ती म्हणाली.

तिने पिशवीतून रांगोळीची पुडी काढली. घरून निघतानाच ठरवून आणली होती. पदर खोचून तिने तिथल्या तिथे स्वयंपाकघर काढलं. इथे ओटा, इथे मोरी, इथे देवांचा कोनाडा, आणि इथे दार. त्या मऊ जमिनीवर रेघ इतकी सुबक उठली की मलाही क्षणभर फोडणीचा वास आल्यासारखं झालं. आई दाराच्या रेघेवरून आत-बाहेर चालून बघत होती. अण्णा हसत उभे होते. इतकं खूश मी त्यांना दुकानात कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर महिन्याभराने गवंडी ठरला. पाऊस केव्हाच थांबला होता, आजूबाजूची लाल जमीन खणखणीत वाळली होती, पण आमच्या जागेवर अजून शेवाळाची साय होती. गवंड्याने पहार जमिनीवर उभी धरली. ठोकली नाही, नुसती धरली. ती आपल्या वजनाने सावकाश खाली जायला लागली. गवंड्याने एकदा पहारीकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे, आणि म्हणाला, आधी खड्डा घेऊन बघू, घट्ट जमीन कुठे लागते ते. खड्ड्यासाठी त्याने जवळच्या खेड्यातून एका म्हाताऱ्याला आणलं. त्याचा जन्म विहिरी खणण्यात गेला होता.

तो रविवार माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. अण्णा-आईबरोबर मी तिथे गेले होते ते कंटाळत, वाचायला मासिक घेऊन. ते मी उघडलंच नाही.

वरची वीतभर माती करडी होती. तिच्याखाली करड्या मातीत नारिंगी धागे दिसायला लागले, उभे, बारीक, गंजलेल्या तारांसारखे. म्हाताऱ्याने एक धागा नखाने सोडवून माझ्या हातावर ठेवला. ती आतून पोकळ नळी होती. कधीकाळी इथे लव्हाळ्याचं मूळ होतं, असं तो सांगत होता. मुळाच्या वाटेने तेवढी हवा आत गेली आणि तेवढीच माती गंजली. बाकीच्या मातीने हवा पाहिलीच नव्हती. मूळ कुजून कोण जाणे किती वर्षं झाली होती, आणि त्याचा गंज अजून उभा होता.

कंबरेएवढं खोल गेल्यावर माती निळी झाली. मी बढाई मारत नाही, निळीच. कबुतराच्या मानेवर असतो तसा हिरवट निळा रंग, आणि उकडलेल्या अंड्याचा वास. म्हाताऱ्याने ती ढेकळं वर काठावर टाकली. तासाभराने मी वळून पाहिलं तर ती तांबूस व्हायला लागली होती, आणि दुपारचा डबा खाऊन होईस्तोवर निळा रंग कुठल्या कुठे गेला. उजेडात आल्याबरोबर ती माती माझ्या डोळ्यांदेखत बदलली.

मग मी खड्ड्याच्या भिंतीकडे नीट पाहिलं. ती एकसंध नव्हती. विड्याच्या पानाएवढे पातळ थर होते, एकावर एक, शेकडो. थोडा भरड, मग पिठासारखा बारीक, पुन्हा भरड, पुन्हा बारीक. मध्येच गोगलगायींच्या शंखांची पांढरी ओळ, मध्येच कुजलेल्या पानांची काळी रेघ. म्हाताऱ्याने समजावलं की पावसाचा लोंढा आधी जाड माती आणून टाकतो, आणि मग शांत पाण्यात महिनोन्महिने बारीक माती बसत राहते. एक जोडी म्हणजे एक पावसाळा. मी मोजायला लागले आणि हातभर जागेतच सोडून दिलं. ह्याच भिंतीत कुठेतरी, कोपराच्या उंचीवर किंवा गुडघ्याच्या, आमची माणसं ह्या गावात आली त्या वर्षाचा थर असणार. कुणाच्या फौजेबरोबर, ते त्या थराला ठाऊक नव्हतं आणि त्याचं काही अडतही नव्हतं. देवळात मला जे कधी वाटलं नाही ते तिथे वाटलं. मी चपला काढून ठेवल्या.

म्हाताऱ्याला माझी गंमत वाटली असावी. त्याने ओल्या मातीचा लिंबाएवढा गोळा माझ्या तळहातावर ठेवला आणि हात हलवायला सांगितलं. मी हलवला. गोळ्यातून पाणी वर आलं आणि तो तेल लावल्यासारखा चकाकायला लागला. आता दाब, तो म्हणाला. मी दाबला, तर पाणी क्षणात आत गेलं आणि गोळा कोरडा, मंद झाला. पुन्हा हलवला, पुन्हा चकाकी. आईनेही करून पाहिलं, एकदा नाही, दहादा. ह्या मातीला गोडु म्हणतात, म्हातारा म्हणाला, पूर्वी उन्हाळ्यात तळं आटलं की गाड्या भरभरून हीच शेतात नेत. आई म्हणाली, गोडच आहे.

तोवर अण्णांनी विचारलं, तळं नेमकं कुठे होतं?

म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. मग त्याने खड्ड्यातूनच हात वर करून गोल फिरवला, दूरच्या बांधापासून दुसऱ्या टोकाच्या नारळांपर्यंत.

"केरे अंगळ अंद्रे केरे होट्टे, स्वामी," तो म्हणाला. केरे अंगळ म्हणजे तळ्याचं पोट.

तळ्याच्या समोरचं अंगण नव्हे, तळ्याचा तळ. खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असलेला शब्द. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण अण्णांचा चेहरा पाहिला आणि गिळून टाकलं.

तेवढ्यात खड्ड्याच्या भिंतींतून पाणी पाझरायला लागलं होतं. म्हातारा लगबगीने वर आला, आणि तो वर आल्याबरोबर एका बाजूची भिंत आवाज न करता खाली बसली, ताकातल्या भाकरीसारखी. पुरुषभर खोलीवरही घट्ट जमीन लागलेली नव्हती. माती चांगली आहे, म्हातारा म्हणाला, भात लावा, काहीही लावा, घर मात्र लावू नका. ह्या मातीत आलेलं पाणी बाहेर जात नाही. भिंती भरा, वर मजला चढवा, ती एका अंगाला बसणार. अण्णांनी खड्डा बुजवायला सांगितला. येताना बसमध्ये ते अगदी मागे जाऊन बसले.

त्यानंतर अण्णा घरात जवळजवळ बोलेनासेच झाले. चुकलं, असं एकदा म्हणाले असते तर आई हसून मोकळी झाली असती, पण शब्दांच्या अभिमानी माणसाला नेमका तोच शब्द जड जातो. आईनेही विषय काढला नाही. मिरच्या वाळवायला शेजारच्या गच्चीत जात राहिली. मला दोघांचाही राग येत होता.

फेब्रुवारीत अण्णांना गिऱ्हाईक मिळालं. मल्लेश्वरमच्या कुणी ओळखीच्याने पाठवलेला पुण्याचा तरुण, नव्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, बेंगळूरला येऊन जेमतेम वर्ष झालेलं. ही जागा गेली तर तेवढ्याच पैशांत दुसरीकडे, लाल मातीत, आईचं घर होणार होतं. अण्णा त्याच्याशी खोटं बोलणार नव्हते. ते फक्त काही सांगणार नव्हते. मला सगळं कळत होतं आणि मीही मूग गिळून बसले होते. खरं सांगायचं तर जागा विकली जावी असंच मला वाटत होतं. आईला मी वर्षानुवर्षं जिन्यात कळशी टेकवून दम घेताना पाहिलं होतं.

आम्ही चौघं जागेवर उभे राहिलो. खड्डा बुजवून सारखा केलेला, वर करडी भुकटी, सगळं पुन्हा ताटासारखं सपाट. तो मुलगा भारावून गेला. ॲक्च्युअली असा लेव्हल प्लॉट त्याने कुठेच पाहिला नव्हता. त्याने खिशातून वहीचा कागद काढला. त्याच्या बायकोने पुण्याहून घराचा नकाशा काढून पाठवला होता.

"हे बघा काकू, किचन तिला पूर्वेलाच हवंय. आणि बाहेर तुळशीपर्यंत डायरेक्ट दार."

आईने कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. अण्णा दूरच्या नारळांकडे बघत होते. आईने कागद परत दिला, चपला काढल्या, आणि जिथे तो खड्डा होता तिथे जाऊन उभी राहिली. मग ती तिथल्या तिथे पाय आपटायला लागली, भात तुडवावा तसे, एका लयीत. पाच-दहा वेळा काहीच झालं नाही. मग भुकटी काळसर झाली, काळसराची ओली झाली, ओलीची चकाकायला लागली, आणि बघता बघता आई घोट्यापर्यंत आत गेली. भर फेब्रुवारीत, कोरड्या ठणठणीत दिवशी, तिच्या पायांभोवती पाणी उभं राहिलं. केवढी मोठी वस्तू आमच्या पायाखाली निजली होती, आणि एका बाईने पाय आपटल्यावर जागी झाली होती.

"हे तळं आहे," आई म्हणाली. "इथे घर उभं राहत नाही. तुमच्या बायकोला सांगा, दुसरीकडे जरा शोधा."

तो गोंधळला. म्हणाला, काकू, मला कळलंही नसतं. आई म्हणाली, तिला कळलं असतं, ओटा एका बाजूला कलला की. त्याने कागदाची घडी केली, आईला वाकून नमस्कार केला, आणि आपल्या स्कूटरवरून गेला. अण्णा जागचे हलले नव्हते. मी आईला हात देऊन बाहेर ओढलं तेव्हा मातीने तिचे पाय सहजासहजी सोडले नाहीत.

बसमध्ये पुढच्या अंगाला बायकांच्या जागा. आई खिडकीशी बसली, मी तिच्या मागे, आणि अण्णा नेहमीप्रमाणे मागच्या दाराने चढले. बस सुटली तसे ते दांड्या धरत धरत पुढे आले आणि आईच्या शेजारी बसले. कंडक्टरने सांगितलं, ही लेडीज सीट आहे, उठा. ज्यांचं कानडी कानडी माणसाहून शुद्ध, त्या अण्णांनी खिशातून रुमाल काढला, खाली वाकले, आणि भरल्या बसमध्ये आईच्या पायांची माती पुसायला लागले.

"अहो, लोक बघतायत," आई हळूच म्हणाली.

"बघू देत. चुकलं माझं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी दुसरा पाय पुसायला घेतला.