कच्च्या पपईतला कोंबडा

लग्न होऊन मी एडवणला आले तेव्हा मला स्वयंपाक येत नव्हता. स्वयंपाकाच्या युक्त्या मात्र भरपूर येत होत्या.

माहेर दादरचं. तिथे आई रांधायची आणि मी शेजारी पाटावर बसून तिला मासिकातले गृहिणींसाठीचे सल्ले वाचून दाखवायची. आमटी खारट झाली तर त्यात सोललेला बटाटा सोडावा. भात पांढराशुभ्र हवा असेल तर शिजताना लिंबू पिळावं. मिरच्या देठं काढून ठेवल्या की टिकतात. नारळ फोडण्याआधी पाण्यात बुडवून ठेवला की सरळ दोन भकलं होतात. (होत नाहीत. तीन होतात आणि तिसरं मोरीत जातं.) एवढ्या भांडवलावर मी सासरच्या चुलीपुढे येऊन बसले. सासूबाई माझी प्रत्येक युक्ती शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, “असंल गो. तू आता तांदूळ निवड.”

माझे सासरे, म्हणजे मामंजी, पानवेलींची आणि केळीची वाडी करायचे. धिप्पाड माणूस, आवाज असा की वाडीतून हाक मारली तर शेजारच्या घरातले लोक उठून यायचे. आणि खाण्याचे भलते शौकीन. पण त्या उन्हाळ्यात पालघरच्या डॉक्टरांनी त्यांचे उरलेसुरले दात काढले आणि कवळी दिली. कवळी घातली की मामंजींना बोलता येईना. बोलणं हा त्यांचा मुख्य आहार, त्यामुळे कवळी गेली फडताळात आणि मामंजी आले मऊ भातावर.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण एका दुपारी सगळ्यांची पानं मांडलेली असताना त्यांनी स्वतःचा पाट उचलला आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवला. “माझं तिकडं वाढत जा,” एवढंच म्हणाले. आम्ही भाकरी मोडायची, मासळीचे काटे काढायचे आणि त्यांनी शेजारी बसून भात कालवत राहायचं, हे त्यांना नको झालं असावं. दात गेले की पंगतीतली जागाही जाते, हे मला तोवर माहीत नव्हतं. घरात जेवणं मुकाट्याने होऊ लागली. सासूबाई धड जेवेनाशा झाल्या. दोन घास इकडे, दोन घास पडवीच्या दाराशी, असं त्यांचं चालायचं.

अशात आखाडातला शेवटचा रविवार आला. दरवर्षी त्या दिवशी आमच्याकडे कोंबडा व्हायचा आणि नणंद आणि जावई जेवायला यायचे. जावई जगन्नाथराव तेव्हा तारापूरला अणुवीजघराचं बांधकाम चाललं होतं तिथे कामाला होते आणि दोघं बोईसरला खोली घेऊन राहत होते. जावयांचे दात ही सासूबाईंना अभिमान वाटावा अशी गोष्ट होती. ते जेवून उठले की मांजर पानाकडे बघायचं आणि निघून जायचं. मामंजी आणि ते मांडीला मांडी लावून बसायचे आणि हाडं फोडायची दोघांची जुगलबंदी चालायची, असं मी ऐकून होते. श्रावण लागला की मामंजी थेट दिवाळीपर्यंत मासमच्छी शिवत नसत. म्हणजे हा दिवस हुकला की दिवाळी.

“यंदा कोंबडा नको,” सासूबाई म्हणाल्या. “ह्यांना चावायचा नाय. आणि ते पडवीत भात खातील नि आमी हितं कोंबडा खायचा? माझ्या घशाखाली उतरनार नाय.”

“मग जावयांना काय वाढायचं?”

“तेच समजत नाय ना.” त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि चुलीतलं लाकूड उगीचच पुढे ढकललं.

त्यांचा चेहरा बघून मला भरून आलं. आणि मला भरून आलं की युक्ती सुचते. मी म्हटलं, “आई, कच्ची पपई. हिरव्या पपईच्या चिकाने कसलंही मांस लोण्यासारखं होतं. मासिकात होतं.”

सासूबाईंनी पहिल्यांदाच मला तांदूळ निवडायला सांगितलं नाही. “म्हातारा कोंबडा हाय,” त्या म्हणाल्या. “आमी सुपारीचं खांड टाकतो. पन दात नसलेल्याला चालंल इतकं मऊ त्यानं व्हायचं नाय.”

“पपईने होईल. मामंजींपुरतं वेगळ्या भांड्यात करू.”

“वेगळं भांडं दिसलं की ते हात लावनार नाय. करायचं तर सगळ्यांचं एकच.”

आमचा कोंबडा म्हणजे वाडीतलं एक जुनं खोड होतं. त्याला पाहून कुत्री रस्ता बदलत. मासिकात लिहिलं होतं ‘पपईचा लहानसा तुकडा’. मी विचार केला, हे मासिकवाले पुण्या-मुंबईचे. त्यांनी हा कोंबडा कुठे पाहिलाय? मी वाडीतून चांगली नारळाएवढी पपई आणली, अख्खी किसली आणि चीक-बीक सगळं तुकड्यांना चोळून ठेवलं. (चीक हाताला लागला तेव्हा बोटं चुरचुरली. माझ्या हाताचं जे होतंय ते कोंबड्याचंही होणार, हा साधा हिशेब तेव्हा डोक्यात आला नाही.)

अर्ध्या तासाने फोडणी द्यायची असं ठरलं होतं. पण पाऊस लागला होता, खाडीचं पाणी रस्त्यावर आलं होतं आणि सफाळ्याहून येणारी एसटी कुठेतरी अडकली. “जावई आल्यावरच चढवू, गरम वाढता येईल,” सासूबाई म्हणाल्या. बारा वाजले, दोन वाजले. कोंबडा पपईत, आम्ही ओटीवर. जावई आणि वन्सं चिखलाने माखून आले तेव्हा दिवस कलायला लागला होता. मग मी कोंबडा चढवला आणि म्हातारा आहे म्हणून भरपूर वेळ रटरटू दिला. सासूबाईंनीही मला न सांगता सुपारीचं खांड आत सोडलं होतं. कशाला कसर ठेवा?

झाकण काढलं. वास झकास होता. मी पळी घातली, फिरवली. पळीला काहीच अडेना. तळापर्यंत नेली तेव्हा खडखड वाजलं.

सासूबाई डोकावल्या. “कोंबडा कुठं हाय?”

“यातच आहे, आई.”

“ह्यात तर पिठलं हाय.”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कोंबडा रश्शात होता, पण नेमका कुठे ते सांगता आलं नसतं. पानं मांडली होती, तांदळाच्या भाकऱ्या गार होत होत्या. सासूबाई एका शब्दाने मला बोलल्या नाहीत. त्यांनी वाढायला घेतलं. आमच्याकडे तंगडी जावयाची, हा मान. त्यांनी तळ ढवळून तंगडीचं हाड शोधलं आणि जावयांच्या पानात ठेवलं. हाड घासल्यासारखं स्वच्छ होतं. जगन्नाथरावांनी ते उचलून उजेडात धरलं, उलटसुलट पाहिलं आणि पुन्हा अदबीने खाली ठेवलं. आमचे हे मान खाली घालून भाकरी बुडवत होते. वन्सं पदराआड हसत होत्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. माझी फजिती सोडा, पण मामंजींचा वर्षातला एक दिवस मी घालवला होता.

पडवीतून आवाज आला, “काय रे, कोन जेवत नाय काय? आवाज कसा नाय?”

जावई म्हणाले, “जेवतोय मामा. पन चावायला काय नाय.”

मग मामंजी दारात येऊन उभे राहिले. त्यांनी एकेकाचं पान पाहिलं. जगन्नाथरावांच्या पानातलं ते एकटं हाड पाहिलं. आणि ते हसले. दात गेल्यापासून ते तोंड मिटून हसायचे; त्या दिवशी पूर्ण तोंड उघडून हसले, अगदी हिरड्या दिसेपर्यंत.

“सूनबाईनं आज सगल्यांचेच दात काडले,” ते म्हणाले. “माजा पाट आन गो हितं. जावयांच्या बाजूला.”

ते जेवले. मागून मागून जेवले. भाकरी रश्शात मोडायची, भिजू द्यायची, ओरपायची. आणि जगन्नाथरावांना त्याची पद्धत शिकवायची. “चावायला बगू नका, गिळा. मी तीन महिने हेच करतोय, मला विचारा.” सासूबाई वाढता वाढता थांबल्या आणि मामंजींच्या पानासमोर टेकल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदानेच रडले, आणि थोडी भुकेनेही, कारण माझ्यासाठी भांड्यात हाडांखेरीज काही उरलं नव्हतं.

त्यानंतर मामंजींचा पाट पडवीत गेला नाही. मऊ भात तर मऊ भात, पण ते आमच्यात बसून खायचे आणि वर आम्हाला सल्ले द्यायचे.

कोणाला करायचं असेल तर माप सांगते: सालीसकट कच्च्या पपईचा बोटाएवढा तुकडा वाटावा, अर्धा तास लावून ठेवावा, जास्त नाही. पिकलेली पपई चालत नाही. हे माप मला आता पक्कं ठाऊक आहे, पण ते वापरून दाखवायची संधी कोणी दिली नाही. एडवणात कोणाचे शेवटचे दात पडले की आमच्या घरी हमखास निरोप यायचा, “वयनीला सांगा, कोंबडा करायचाय.” धड दातांच्या माणसाने मात्र माझ्या हातचा कोंबडा आजतागायत मागितलेला नाही.