गाठ मारून सोडलेलं

शेवंती गेली हे मला मासळी बाजारात कळलं. सकाळी मी निघाले तेव्हा ती ओटीवर शिलाई मशीनपुढे बसलेली होती. "बांगडे आण गो, मोठे नको," एवढंच बोलली. बाजारात मी पिशवीतला डबा उघडून धरला, मासळीवाली त्यात बांगडे टाकत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिची बहीण आमच्याच गावात दिलेली आहे. तिने ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, तुमची ती पिशव्या शिवणारी गेली म्हनतात. आत्ताच." मी म्हटलं, "हे बांगडे तिचेच हायत." डबा झाकून पिशवीत ठेवला. ती पिशवीही तिनेच शिवलेली, माझ्या नवऱ्याच्या सदऱ्याची.

आम्ही एकाच वर्षी मराठी शाळेत बसलो आणि चौथीनंतर एकाच वर्षी उठलो. लग्न करून एकाच गावात आलो, शेजारच्या घरांत. मागे खाडी, खाडीला लागून तिवरांची झाडं. शेवंती गोड स्वभावाची नव्हती. मीही नाही, म्हणून इतकी वर्षं टिकलं.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचे कपडे, अंथरूण खाडीला देतात. टाकलं असं म्हणायचं नाही, सोडलं म्हणायचं. पूर्वी माणसाच्याच चादरीत गाठोडं बांधत. ते भिजायचं, बुडायचं, विषय संपायचा. मग प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि लोक कपडे त्यात भरून, तोंडाला गाठ मारून सोडायला लागले. गावात अशी पहिली सोडली ती शेवंतीची सासू. तिसऱ्या दिवशी भरतीला ती पिशवी परत आली आणि त्यांच्याच परड्यामागे तिवरात अडकून बसली. आत हवा राहिलेली, त्यामुळे फुगलेली... कुणीतरी पाठ वाकवून बसावं तशी. शेवंतीच्या नवऱ्याने बांबूने लांब ढकलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. गावातलं कुणी जवळ जाईना. शेवंती गुडघाभर चिखलात उतरली आणि तिने गाठ सोडली. लुगडी कोरडी ठणठणीत होती आणि म्हातारीच्या मिश्रीचा वास जसाच्या तसा. काठावर उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना ती म्हणाली, "सोडलं म्हनता आनि गाठ मारून सोडता. सुटंल कशी ती?"

त्याच लुगड्याची तिने पहिली पिशवी शिवली. ती घेऊन बाजाराला गेली आणि दुकानदाराने पुढे केलेली पातळ पिशवी तिने त्याच्याच गल्ल्यावर ठेवली. "ही तुझ्या दारात येईल तवा ओळख दाखव," म्हणाली. तेव्हापासून तिच्या घरात प्लास्टिकची पिशवी शिरली नाही. चहाच्या टपरीवरसुद्धा ती आपला पेला घेऊन जायची. हळूहळू गावातले लोक मेलेल्यांचे कपडे तिला आणून द्यायला लागले. शहाणपणापेक्षा भीतीने जास्त, हे मी स्पष्ट सांगते. कुणालाच आपलं माणूस फुगून परत यायला नको होतं.

तिने शिवलेली पिशवी ज्याला हवी तो नेतो, त्यामुळे आमच्या बाजाराचा दिवस जरा वेगळा असतो. शाळेच्या गुरुजींच्या धोतरातून कोथिंबीर जाते. हमीदाबी आपल्या सासऱ्यांच्या लुंगीतून पाव नेतात. एकदा मी माझ्या आईच्या हिरव्या लुगड्यामागे अर्धा बाजार चालत गेले. ते लुगडं वळलं तेव्हा भानावर आले. ती दुसऱ्या आळीतली सून होती, आणि पिशवीत वांगी.

माझा नवरा गेला तेव्हा मी शेवंतीला कपडे दिले नाहीत. माझ्या माणसाने बाजारभर फिरावं हे मला नको होतं. मी काळी पिशवी आणली, सदरे भरले आणि दोन गाठी मारल्या. तिसऱ्या दिवशी शेवंती माझ्या पायरीशी उभी. चिखलाने भरलेली, हातात ती पिशवी. "भागे, तुझा मानूस आलाय. आत घेतेस का मी नेऊ?" मी तिला नको ते बोलले आणि दार लावलं. महिनाभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मग एक दिवस माझ्या कडीला ही सदऱ्याची पिशवी लटकलेली दिसली. तिने सदऱ्याचा खिसा तसाच ठेवला होता. मी हात घातला तर बोटांना त्याच्या तंबाखूचा चुना लागला. धुतलेला सदरा होता. मी भुताखेतांना मानत नाही. चुना लागला, एवढंच लिहिते.

ती जाण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही परड्यात बसलो होतो. ती म्हणाली, "माझी लुगडी पान्यात सोडू देऊ नको. पिशवी कर."

"मला कुठं शिवता येतं?"

"एक बंद तरी लावशील का न्हाय?"

"लावीन," मी म्हटलं. तिचं तोंड बंद व्हावं म्हणून म्हटलं.

बाजारातून आले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. रडारड संपल्यावर मी तिच्या मुलाला, विलासला, बाजूला घेतलं. तो म्हणाला, "मावशी, असं कसं? रीत हाय ती." त्याचं चूक नव्हतं, पण मी शब्द दिलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याला तेल चोळून त्यांच्या दारात पोचले, तर पुरुष खाडीवरून परत येत होते. "सोडलं," विलास म्हणाला. मी विचारलं, "गाठ मारली?" "मारली. दोन."

मग मी घाई केली नाही. दोन दिवस भरतीच्या वेळेला परड्यात जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी चढलं आणि ती आली. सासू बसली होती त्याच तिवरात. पाठ वाकवून, मशीनवर बसायची तशी. विलास माझ्या मागे येऊन उभा राहिला. पुढे येण्याची त्याची हिंमत होईना. मी काठीच्या आधाराने चिखलात उतरले. गाठी घट्ट होत्या, दातांनी सोडल्या.

आत लुगडी कोरडी होती. सगळ्यात खाली एक पिशवी निघाली, तिच्या रोजच्या निळ्या लुगड्याची, पूर्ण शिवलेली. एक बंद लावलेला. दुसरा नुसता दुमडून ठेवलेला आणि त्यात दोरा ओवलेली सुई. विलास म्हणाला, "हे लुगडं तर आईच्या अंगावर होतं, तसंच चितेवर गेलं, मावशी." मी म्हटलं, "तिच्याकडं दोन असतील." असतीलही... मी कधी दोन पाहिली नव्हती.

वर आले आणि तिच्या ओटीवर बसून मी तो दुसरा बंद लावला. टाके वाकडेतिकडे आले. दोरा बरोबर तेवढाच होता, शेवटच्या टाक्याला संपला. गाठ मारायला काही उरलं नाही, म्हणून मारली नाही.

हल्ली बाजाराला मी तीच नेते. कांदे, बटाटे, कधी नारळ. सरळ बंद तिचा आणि वाकडा माझा. गाठ नसलेला टाका आजवर सुटलेला नाही.